खालच्या वावरातला बोकड्या

मखमलाबाद, नाशिक
७ ऑक्टोबर २००४

प्रिय सुवर्णाताई,

सप्रेम नमस्कार. तुझा वलसाडचा पत्ता वणीला जाऊन भाऊजींच्या साळूआत्यांकडून आणला. 'माझं नाव सांगू नको,' म्हणाल्या, पण चहा पाजूनच सोडलं. तुला मुलगी झाल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. बडबडी आहे म्हणे. नाव त्यांना आठवेना.

इकडे सगळे बरे आहेत. झेंडू दसऱ्याला बरोबर सापडेल असं दिसतंय. पंचवटीच्या बाजारात आईच्या शेजारची तुझी जागा अजून रिकामीच असते. कुणी टोपली टेकवायला आलं की आई आपलं पोतं तिकडे सरकवते.

मी आता कॉलेजात सुमनबाईंच्या हाताखाली संशोधन करते. पिकांचे रोग हा त्यांचा विषय. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून डोळे चुरचुरतात. चष्मा लागलाय, तू ओळखणार नाहीस.

मूळ गोष्ट टाळतेय मी, कळतंय मला.

त्या साली टोमॅटोवर बोकड्या आला, पानं आकसली, फळ धरेना. अख्ख्या गावाचे प्लॉट बसले. पारावर सगळ्यांदेखत अण्णा म्हणाले, 'माझ्या जावयाच्या, या कुंदनच्या नर्सरीतल्या रोपांनी गाव बुडवलं.' भाऊजींनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही निघालात. मी रिक्षापर्यंत आले होते. 'अभ्यास सोडू नको,' एवढंच बोललीस तू. त्यानंतर घरात तुझं नाव निघालं नाही.

त्याच हंगामात सुमनबाई या भागातली रोगट पानं जमवत फिरत होत्या. भाऊजींच्या नर्सरीतली, आपल्या दोन्ही वावरांतली, भिकनकाकांकडची, पार पेठपर्यंतची. ती वाळवून गावाच्या आणि वावराच्या नावानिशी ठेवलेली होती. यंदा त्या पानांतल्या विषाणूची जनुकं आम्ही वाचून आणली. अक्षरांच्या लांबच लांब ओळी असतात त्या. पांढरी माशी विषाणू झाडोझाड नेते, आणि तो पसरताना त्या ओळींत बारीक बारीक चुका होत जातात. ज्यांच्या चुका सारख्या, ते जवळच्या नात्यातले. सॉफ्टवेअर त्या ओळी एकाखाली एक लावतं आणि कोण कुणापासून फुटलं त्याचं झाड काढून देतं.

स्क्रीनवर झाड आलं आणि मी नावं वाचत गेले. आपल्या गावची सगळी पानं एकाच फांदीवर होती. फांदीच्या बुडाशी आपलं खालचं वावर. तुला आठवत असेल, तिथं अण्णांनी भाऊजींची रोपं लावली नव्हती. स्वस्तात मिळतात म्हणून बाहेरगावाहून टेम्पो भरून आणली होती. भाऊजींच्या नर्सरीतलं पान शेवटच्या एका डहाळीच्या टोकाला होतं. रोग नर्सरीतून वावरात आला नव्हता, ताई. वावरातून नर्सरीत गेला होता.

मी म्हटलं, बाई, माझं काहीतरी चुकलंय. त्या म्हणाल्या, 'मग पुन्हा काढ. दुसऱ्या पद्धतीनं काढ.' मी काढत राहिले. दरवेळी तीच फांदी. बाई म्हणाल्या, शपथेवर कुणी सांगू शकत नाही, पण याहून पक्का पुरावा मिळायचा नाही.

तो कागद घरी आणायचं धाडस होईना. आणला तेव्हा अण्णा ओट्यावर फुलं निवडत बसले होते. मी बोटानं एकेक फांदी दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

'मग चूक कुणाची?'

'पांढऱ्या माशीची, अण्णा. तिला बांध कळत नाही.'

'माशीनं पारावर कुंदनचं नाव नाय घेतलं,' ते म्हणाले. 'मी घेतलं.'

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकाळी आईसोबत बाजारात गेले आणि आपल्या गावचे जेवढे माल घेऊन आले होते, तेवढ्यांना त्यांनी ही हकीकत सांगितली. भिकनकाका म्हणाले, 'आता जुनं कशाला उकरतो, सावळीराम?' अण्णा म्हणाले, 'माझी पोर गेली. ते जुनं नाय झालं अजून.' आई फुलं मोजत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं.

तुम्ही परत या, असं मला लिहायचं होतं. अण्णांनी लिहू दिलं नाही. 'बोलावणारा मी कोण? इचार, मी आलो तर दार उघडतील का.' गाडी कुठून सुटते तेही चौकशी करून आलेत. तुझं उत्तर आल्याशिवाय निघणार नाहीत.

मला मात्र विचारायचं नाही, सांगायचंच आहे. मला तुझी लय आठवण येते. मधे एकदा तुझा आवाज कसा होता ते आठवायला गेले आणि आठवेना. त्याची फार भीती वाटली. मुलीचं नाव तेवढं कळव.

पत्र संपवताना मी रीतीप्रमाणे 'अण्णांचे तुम्हा दोघांना आशीर्वाद' असं लिहिलं होतं. त्यांनी वाचून दाखवायला लावलं. म्हणाले, 'आशीर्वाद खोड. तो मान गेला माझा. नमस्कार लिही, आणि नुसतं कुंदन नको.' वर खाडाखोड दिसतेय ती त्याची.

श्री. कुंदनराव यांना अण्णांचा नमस्कार.

तुझीच,
हर्षाली