गेममधला उंबर

शुक्रवार, संध्याकाळ, दिंडोशी

आज सहा वाजता आमचा गेम बंद झाला. कंपनीने सर्व्हरच काढून टाकला. पुढे कुणाला आठवणार तो? पुस्तकासारखा कपाटात थोडाच राहतो.

त्यातली झाडं मी रेखाटली होती. आरे कॉलनीतल्या आमच्या बसस्टॉपवरचा उंबरही, खोडावरच्या गाठीसकट. खरा उंबर तोडला तेव्हा मी रडले नाही. म्हटलं, गेममध्ये आहे ना.

बाबा कधी खेळायचे नाहीत. रोज गेम उघडून आपला माणूस त्या उंबराखाली नेऊन उभा करायचे आणि दोन बोटांनी ती गाठ मोठी करून बघायचे. एवढंच.

मघाशी फोन पुढे करून म्हणाले, “उंबर दिसत नाही गं. बघ जरा.”

“नेट गेलंय, बाबा.” का खोटं बोलले मी?

तेव्हापासून फोन धरून खिडकीपाशी बसलेत, तिथे रेंज येते म्हणून.