उंबरठ्यावरचा साबण

अईत झेलाल, १४ ऑक्टोबर १९९५

चि. वर्दियास,
मेझियानचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

ग्रेनोबलला पोचल्याचं तुझं पत्र मिळालं. पाच महिने फ्रेंच विद्यापीठात काढून बाई एवढी मोठी होऊन येणार, की आम्हाला भेटायला चिठ्ठी पाठवावी लागेल, असं मी आईला म्हटलं. तिने मला लाटणं दाखवलं.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांची शाळा सुरू आहे. अजून मुलांना फ्रेंचचे धडे गिरवायला लावतात आणि चुकलं की कान पिळतात. गावसभेत आपला शेजारी बेलाईद उठून म्हणाला, की या दिवसांत मुलीला परदेशी पाठवलं ही चूक झाली, घरावर नजरा वळतील. त्याचा स्वतःचा पुतण्या डोंगरातल्या बंदूकवाल्यांना जाऊन मिळालेला, आणि हा आम्हाला शहाणपण शिकवणार! मी त्याला तिथेच आडवा केला. दोन दात पडले. बाबा रागावले, पण मला झोप छान लागली.

आईचा निरोप: चांगला साबण पाठव, इथल्याला फेस येत नाही. आणि ताक गाळायला दोन मीटर पांढरं सुती कापड. विसरलीस तर ओरडा मी खाणार.

घरच्या सगळ्यांचे तुला सलाम. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
मेझियान

---

ग्रेनोबल, १२ नोव्हेंबर १९९५

प्रिय मेझियानदादास,
वर्दियाचे अनेक सलाम, वि. वि.

तुझे हात कधी शांत राहणार? बेलाईदकाकांनी मी निघताना माझ्या पिशवीत सुके अंजीर भरले होते. घरावर नजरा वळतील ही भीती त्यांनी माझ्याजवळही बोलून दाखवली होती, आणि वर म्हणाले होते, आता निघालीस तर पहिली ये. अशा माणसाचे दात पाडतोस? जाऊन माफी माग.

मलाही बोलायचा हक्क नाही म्हणा. पॅरिसमधल्या स्फोटांपासून आमच्या चेहऱ्याच्या माणसांकडे इथे वाकड्या डोळ्यांनी बघतात. परवा ट्राममध्ये दोन दारुड्यांनी मला केस धरून खाली पाडलं. माझा ओठ फुटला. एकाच्या मनगटाला मी रक्त येईपर्यंत चावले. बाबांना सांगू नकोस. वनस्पतीशास्त्राची परीक्षा जानेवारीच्या अखेरीस आहे, ती दिल्याशिवाय मी हलणार नाही.

शेजारच्या गावचा अर्झकी डिसेंबरात जहाजाने येतोय. त्याच्याकडे आईचा साबण देतेय, कापडातच गुंडाळून. संध्याकाळी बसून कोपऱ्यात थोडं भरतकामही केलंय. आईला आवडलं का ते नक्की कळव.

सगळ्यांना, बेलाईदकाकांनाही, सलाम. तुझ्या रागापेक्षा तुझी माया जास्त मिळो.

तुझी,
वर्दिया

---

अईत झेलाल, २३ डिसेंबर १९९५

चि. वर्दियास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोन महिने झाले, तुझं पत्र नाही. टपाल अडकलं असेल. मी तुझ्यापासून लपवलं ते आज लिहितो, कारण आता संपलं आहे.

सप्टेंबरात, तू गेलीस त्याच आठवड्यात, खालच्या गावच्या फ्रेंच शिकवणाऱ्या मास्तरांच्या दाराशी साबणाची वडी आणि पांढरं कापड ठेवलेलं सापडलं. डोंगरातल्या बंदूकवाल्यांचा हा निरोप इथे लहान पोरालाही कळतो: अंघोळ घाला, कफन तयार आहे. तिसऱ्या दिवशी त्यांचं मुंडकं पाणवठ्यावर होतं. मी पाहिलं. तुझा अभ्यास बिघडेल म्हणून मी घरात सगळ्यांची तोंडं बंद केली.

गेल्या रविवारी आम्ही सगळे ऑलिव्ह झोडायला रानात होतो. दुपारी परत आलो, तर उंबरठ्यावर साबण, पांढऱ्या कापडात. बाबा तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. पुतण्या त्यांच्यात, म्हणजे पुडकं ठेवणारा बेलाईदच. ते उचललं, छाटणीचा कोयता घेतला आणि त्याच्या अंगणात गेलो. ते त्याच्या तोंडावर फेकलं. हे माझं नाही, म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत मी कोयता मानेत घातला. तीन घाव लागले. त्याची बायको घनीमा मध्ये पडली, तिचा हात कापला गेला.

कफन आणायला रस्ता बंद, गावातलं दुकान जळलेलं. शेवटी त्याच साबणाने त्याला अंघोळ घातली आणि त्याच कापडात गुंडाळला. त्याचंच त्याला मिळालं. गावातली पोरं मला वाघ म्हणतात, पोलिसांनीही फारसं विचारलं नाही. बाबा वाचले, एवढं मला पुरे.

एकच कळत नाही. घनीमाने त्या कापडाचा एक कोपरा फाडून ठेवलाय. तो घेऊन ती आली, बाबांना दाखवून गेली. तेव्हापासून बाबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. ज्यांच्यासाठी केलं, तेच असे वागतात. म्हातारपण, दुसरं काय! तू त्यांना चार ओळी लिही.

माया राहू दे.

तुझा दादा,
मेझियान

---

ग्रेनोबल, ८ जानेवारी १९९६

मेझियानदादास,

सलाम लिहिण्याआधी हे वाच.

१२ नोव्हेंबरला तुला टाकलेलं पत्र अजून पोचलं नसेल. ते पोचलं की फाडू नकोस. तो साबण मी पाठवला होता. आईने मागितला होता, आणि तो निरोप तूच तुझ्या हाताने मला लिहिला होतास.

तुझं पत्र वाचून अर्झकीला फोन केला. बंदरावर कस्टमवाल्यांनी वरचा कागद फाडला, त्यावरच आपलं नाव होतं. त्याने दार ठोठावलं, घरात कुणी नव्हतं. तपासणी नाके बंद व्हायच्या आत त्याला घरी पोचायचं होतं, म्हणून ठेवून गेला. तो खालच्या गावचा नाही आणि वर्षभर इथेच राहतो. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. तू एक ओळ लिहिली असतीस, तर मी साबणाला हातसुद्धा लावला नसता. मला तुझा संताप आलाय आणि माझाही.

परीक्षा देणार नाही. विसाव्या तारखेच्या जहाजाने येते. आधी बेलाईदकाकांच्या अंगणात जाईन, मग घरी. तोवर तू गावसभेत उभा राहून खरं सांगितलेलं असू दे. नाहीतर तुझी दोन्ही पत्रं, साबण मागितल्याचं आणि हे, मी तिथे मोठ्याने वाचेन. मग घनीमाकाकूंचे भाऊ जे ठरवतील ते ठरवतील. मी तुझ्या शेजारी उभी राहीन, पण तुझ्या पुढे उभी राहणार नाही.

आणि तू विचारलंस, बाबा का बोलत नाहीत. त्या कापडाच्या कोपऱ्यात मी निळ्या दोऱ्याने आईचं नाव भरलं होतं, आणि खाली माझं. काकूंना वाचता येत नाही, म्हणून त्या बाबांकडे आल्या.

माया ठेव असं या वेळी लिहवत नाही. माझी आहे, ती तुटत नाही, हेच अवघड आहे.

वर्दिया