चिबडावरची सही

१२ जाने.
सकाळी मांजरी गावी दत्तोबांकडे. त्यांच्या उसाला लागून नदीकाठचं चिबड. गुडघाभर पाणी, पाणकणसं, चक्रवाक उतरलेत. तिथे दोन पाट्या. एक: 'संरक्षित पाणथळ. राडारोडा टाकू नये.' चार पावलांवर दुसरी: 'नियोजित रस्ता.' दोन्ही सरकारी. पेंटर एकच दिसतो, त्याचं बरं चाललंय.
रस्त्याचा भराव पडला की पावसाळ्यात पाणी दत्तोबांच्या उसात. म्हणाले, "साहेब, तुम्ही मोजणी खात्यातले. तुमचं ऐकतील." निवृत्त झालो हे कितीदा सांगावं.

१५ जाने.
कचेरीत गेलो. वरच्या मजल्यावर पाणथळ वाचवायचं परिपत्रक, खालच्या मजल्यावर रस्त्याचा आराखडा. जिन्यात त्यांची गाठ पडत नसावी. अधिकारी तरुण, नम्र. "काका, आदेश दोन्ही शासनाचेच. आम्ही मोजणीचा नकाशा बघणार. २३ला सुनावणी." नकाशाच्या नकलेचा अर्ज टाकला.

१८ जाने.
नक्कल मिळाली. चिबडाच्या जागी: 'पोटखराबा, कोरडी.' म्हणजे नापीक आणि बिनपाण्याची. खाली सही माझी.
मोजणीला मे महिन्यातच जायचो. शेतं रिकामी, साखळी सरळ ओढता येते. भेगाळलेल्या चिखलावर उभं राहून 'कोरडी' लिहिलं आणि पुढच्या गटात गेलो. हिवाळ्यात कोण कशाला बघायला जातंय. लाज वाटते, नुसती लाज.

१९ जाने.
सुधा म्हणाली, "चुकलं म्हणून लिहून द्या. घरात कधी कबूल केलं नाहीत, निदान कचेरीत करा." शपथपत्र लिहिलं. फाडलं. परत लिहिलं.
अडचण अशी, की याच नकाशावर दत्तोबा चुलतभावाशी बांधाचा दावा जिंकलेत. एक नोंद चुकली म्हटलं, की तो सगळी मोजणीच चूक म्हणणार.

२१ जाने.
दत्तोबांना सगळं सांगितलं. चहा विचारला नाही. मग, "चुलतभाऊ वाटच बघून हाय." आणि, "पक्षी माझ्या सातबाऱ्यावर न्हाईत, साहेब. बांध हाय."
उसात पाणी शिरेल म्हटलं.
"शिरू द्या. माझ्याच बांधाच्या आत शिरंल."
त्यांचं तरी कुठे चुकतंय? पण ते चिबड एकदा बुजलं की

२२ जाने.
फेऱ्या. कागद पिशवीत घातला, काढला, परत घातला. सुधा म्हणते, जरा बसा.

२३ जाने.
शपथपत्र दिलं.
"सही तुमचीच?" हो. "म्हणजे नकाशा चूक?" म्हटलं, हद्दी बरोबर आहेत, पाण्याची नोंद तेवढी चूक. अधिकारी लिहिणाऱ्याला म्हणाले, "मोजणीदारांना स्वतःचा नकाशा अंशतः अमान्य, असं घ्या." मी असं म्हणालो नव्हतो. दुरुस्ती मागितली. "निकालात बघू, काका." मागच्या बाकावर चुलतभाऊ ते वाक्य उतरवून घेत होता.
बाहेर दत्तोबा उभे. भांडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "साहेब, आता माझा बांध कुठं हाय?"
नोकरीभर लोकांनी हेच विचारलं आणि मी बोट दाखवत आलो. आज हात उचलला नाही. निकाल राखून ठेवलाय.