पोले म्हणजे हळू

प्रिय गोदे,

सगळ्यात आधी कोण आलं असेल, सांग बघू. बजाबाई! गाडीतनं माझी पेटी उतरायची होती अजून, तर ही शेजारच्या घरातनं पदराला हात पुसत दारात हजर. म्हणते कशी, सिंव्हानं सोडलं व्हय गं तुला, निंगव्वा? मी म्हटलं, वास घेतला आणि म्हणाला, ही सोलापूरची हाय, तिखट लागंल. लई हसली. मग चहा करून आणला, भाकरी आणली, पाठीवरनं हात फिरवला. तू बार्शीला लेकाकडं जायच्या आधीपासनं तिचं माझं कपड्याच्या दोरीवरनं भांडण चालू आहे, तुला ठाऊक आहे. म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम माझी ओली साडी तिच्या दोरीवर टाकली. म्हटलं बघू तरी. तर काही बोलली नाही गं. साडी वाळली, तिनंच घडी घातली आणि आणून दिली. बजाबाईनं!

हे पत्र चष्मा लावून तुझं तूच वाच. सुनेला वाचायला देऊ नकोस. माझी शाळा दुसरीपर्यंतची, त्यातली अर्धी कानडी, तेव्हा अक्षर लागत नसलं तर दुपारी निवांत बस. फोनवर हे बोलता येत नाही, आता घरात सारखं कुणीतरी असतं. शेवटी एक काम सांगणार आहे. ते तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. पण आधी आफ्रिकेचं ऐक, नाहीतर माझ्या पोटात मावायचं नाही.

लेक माझा, राजशेखर, नैरोबीला. दरवर्षी म्हणायचा, अव्वा चल. मी म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. कधी पापड घालायचे राहिलेले, कधी गुडघे. त्यानं काढून दिलेला पासपोर्ट पेटीत साड्यांच्या खाली पडून होता. यंदा उन्हाळ्यात पोट दुखायला लागलं, अन्न जाईना, म्हणून तो तिकडनं आला. मोठ्या दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर त्याच्याशी दाराबाहेर बोलले. काचेतनं मला त्याची पाठच दिसत होती. आत येऊन म्हणाला, अव्वा, अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल. मग डॉक्टर आत आले आणि म्हणाले, आजी, मनाला येईल ते खा. मी विचारलं, शेंगाचटणी चालंल का? म्हणाले, खा की. मला लई आवडला तो डॉक्टर. आणि त्याच संध्याकाळी राजशेखर म्हणाला, अव्वा, जिराफ बघायला येतेस? मी हो म्हणून बसले.

गोदे, तिकडं थंडी! आपल्याकडं माणसं भाजून निघतात आणि ते आफ्रिकेतले लोक स्वेटर घालून फिरतात. विमानतळावर सूनबाई महेश्वरी, नात श्रावणी आणि त्यांचा ड्रायव्हर म्वांगी आले होते. माझ्या जिभेला ते नाव जमेना, मी त्याला मंगेश म्हणायची आणि तोही ओ द्यायचा. एकदा लाडानं दादा म्हटलं, तर हसून हसून त्यानं गाडी कडेला घेतली. त्यांच्यात दादा म्हणजे बहीण! चहाला चाय म्हणतात, चपातीला चपातीच, आणि त्यांचं मक्याचं उगाली म्हणजे आपला मुद्दाच, शिजवलेल्या पिठाचा गोळा, फक्त पांढरा. तर त्या पहिल्या दिवशी म्वांगीनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, पोले, ममा. मी श्रावणीकडं बघितलं. तिच्या आईनं तिला काहीतरी खुणावलं आणि पोरगी म्हणाली, अज्जी, पोले म्हणजे हळू. हळू चल म्हणतोय. खरंच, पायऱ्या आल्या की तो पोले पोले म्हणायचा आणि कोपराला धरायचा. मला वाटलं, किती काळजीची माणसं. शेजारीण भेटायला आली, तीही हात धरून पोले. देवळातला गुजराती पुजारी, तोही पोले. मग मीही सगळ्यांना पोले म्हणत सुटले, आमच्यात भेटल्यावर शरणार्थ म्हणतात तसं.

गावाला लागूनच जंगल आहे गं. मागं उंच उंच इमारती आणि पुढं झेब्रे चरतायत, आपल्याकडं एस.टी. स्टँडमागं गाढवं असतात तसे. सिंह दिसला. आडवा पसरलेला, जेवण झालेल्या हवालदारासारखा. सगळ्या गाड्या त्याच्याभोवती, आणि त्यानं एकदा डोळा उघडून आमच्याकडं बघितलं, परत मिटला. जिराफाला मी माझ्या हातानं खायला घातलं. त्याची जीभ हातभर लांब, काळी-निळी, जांभळं खाऊन आल्यासारखी. सगळा तळहात चाटून घेतला. मी किंचाळले, श्रावणी किंचाळली, राजशेखर फोटो काढत होता. तो सारखा माझेच फोटो काढायचा. मी म्हटलं, अरे जिराफाचा काढ की, मला काय रोज बघतोस. तर कॅमेरा डोळ्यावरनं खाली घेईना.

एक दिवस नाच बघायला नेलं. ढोल असे की छातीत वाजतात. बाहेर त्यांच्या वेगवेगळ्या जातींची घरं बांधून ठेवली आहेत, एकाची भिंत शेणानं सारवलेली. मी हात लावून बघितलं. माहेरी वळसंगला माझी अव्वा सारवायची तसाच अंगठ्याचा फराटा. दाराशी त्यांच्यातला एक उंच माणूस उभा, अंगावर लाल चौकड्याची चादर. मी राजशेखरला म्हटलं, ही आपली सोलापूरची! त्या माणसाच्या खांद्यावरचं टोक मी चक्क धरून उलटं करून बघितलं, काठाची वीण बघायला. नव्हती आपली. त्या माणसानं बिचाऱ्यानं खांदा खाली केला, मला नीट दिसावं म्हणून.

तशीच चादर मग मला हत्तींच्या इथं दिसली, आणि हे नीट वाच गोदे. तिथं आई मेलेली हत्तीची पिल्लं सांभाळतात. हिरव्या कोटातली माणसं त्यांना बाटलीनं दूध पाजतात, त्यांच्यापाशीच झोपतात. एक पिल्लू लई लहान, बाटलीला तोंडच लावेना. तर एका माणसानं दोरीवर चौकड्याची चादर टाकली आणि तिच्या मागनं बाटली पुढं केली. पिल्लानं सोंड त्या चादरीला टेकवली आणि प्यायला लागलं. श्रावणी म्हणाली, अज्जी, त्याला वाटतं ही आपली आईच आहे. असेल. पण मी त्याच्या डोळ्यात बघितलं ना. मला नाही वाटत त्याला तसं वाटत होतं म्हणून. चादरीला काय आईचा वास येतो? पण दूध पोटात गेलं तसा तो कोटवाला माणूस असा हसला, असा हसला, की त्या पिल्लानं थेंब ठेवला नाही.

निघायच्या आधी भाजीबाजारात गेलो. एका बाईचा हात कापडात बांधलेला, भाजला होता वाटतं. श्रावणीनं तिचा दुसरा हात धरला आणि म्हणाली, पोले. मी म्हटलं, अगं ती तर बसलीय, तिला हळू कशाला? पोरगी बोलून गेली, अज्जी, चालताना पोले पोले म्हणजे हळूहळू. हात धरून एकदाच पोले म्हणजे तुझ्या दुःखाचं वाईट वाटतं. आणि तोंडावर हात ठेवला. मी टोमॅटो निवडत राहिले. हातात हात घेऊन कुणी हळू म्हणतं का, गोदे? हे मला आधी का सुचलं नाही? आणि अल्सरवाल्या बाईला शेंगाचटणी खा म्हणणारा डॉक्टर तू तरी कुठं बघितलास?

पोरीला म्हटलं, हे आपल्या दोघींत. ती हो म्हणाली.

राजशेखर मला तिथंच ठेवून घेणार होता. थंडीनं गुडघे धरले म्हणत मी घरी परतायचा हट्ट केला. खरं म्हणजे मला आपल्या मातीत, आमच्या मालकांच्या समाधीशेजारी जागा हवी. हे त्याला सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की मला कळलंय. मग तिघंही मला सोडायला आले, आठवडाभर राहिले, दिवसभरासाठी एक बाई बघून दिली. त्यानं स्वतः मला भात कालवून भरवला आणि म्हणाला, बघ, अल्सर कमी होतोय, चेहऱ्यावर तेज आलंय. तेज कुठलं. साडी नेसताना निऱ्या संपता संपत नाहीत. पण मी म्हटलं, व्हय की, भूक पण लागायलीय. आणि सगळा भात खाल्ला. तो हसला गं. लहानपणी हसायचा तसा.

आता काम. मी गेल्यावर तो तुझ्याकडं येईल. मी तुला सगळं सांगते हे त्याला ठाऊक आहे. विचारेल, गोदामावशी, अव्वाला कळलं होतं का? तू म्हणायचं, न्हाय रे लेकरा, काय सुदिक कळलं नव्हतं, शेवटपर्यंत जिराफाच्या जिभेचंच सांगत हुती. असंच म्हण, रडू नकोस, तुला रडताना खोटं बोलता येत नाही. आणि हे पत्र वाचून झालं की बंबात घाल. एवढ्यासाठीच लिहिलं. तू आता सोलापूरला यायची घाई करू नकोस. एस.टी. नं तुझी कंबर मोडेल, आणि तू मला बघून तोंड वाकडं करशील ते बजाबाई बघेल. राजशेखर परत कधी येणार ते भिंतीवरच्या कॅलेंडरात, शेवटच्या पानावर पुढचा जानेवारी छापलाय तिथं, श्रावणीनं लाल पेननं गोल करून ठेवलंय, आणि मला ते रोज दाखवायला बाईला सांगून गेलीय. संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेला येणार आहेत, देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या दिवशी.

तुझीच,
निंगव्वा