वेवजीला पडलेलं विमान

आई, गेल्या महिन्यात वेवजीच्या एका शेतात छोटं खासगी विमान पडलं आणि तपास माझ्याकडे आला. तू गेलीस तेव्हा मी पोलिसात भरती झाले नव्हते, वर्दीत तू मला पाहिलंच नाहीस. विमानाचं नाक मातीत रुतलेलं, एक पंख पार बांधापलीकडे, सगळीकडे पेट्रोलचा वास. आत डोकावले तर खुर्ची रिकामी. पट्टा कापलेला, त्यावर ओलं रक्त. मालकाला फोन लावला. तो म्हणाला, "आमचा पायलट सुट्टीवर आहे. आत कोण होतं, मला माहीत नाही." साहेब सारखे फोनवर विचारतायत, माणूस पळाला का, कोण होता. आणि मला एवढंच कळतंय, की इतकं रक्त गेलेला माणूस फार वेळ टिकणार नाही.

पाड्यावर कुणी तोंड उघडेना. माझा हवालदार दारोदार आवाज चढवून विचारत होता आणि लोक "नाय बघला" म्हणून मान खाली घालत होते. तेव्हा मला ती मे महिन्याची सुट्टी आठवली. याच भागात तू सुके बोंबील विकायला यायचीस, आपल्या गावाहून, चिखल्याहून, मलाही सोबत आणायचीस. एका घरासमोर उभी राहून मी "सुकट घेता का?" म्हणून ओरडले, तर तू दंडाला असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी आलं. "लोकांच्या दारात उभं राहून ओरडतात काय? आधी बस. पाणी माग. मग बोल."

हवालदाराला जीपकडे पाठवलं. शेताला लागून असलेल्या घरापुढे बूट काढले, ओट्यावर बसले आणि तिथल्या म्हातारीकडे पाणी मागितलं. तिनं तांब्या पुढे केला. बांगड्यांवर रक्त वाळलेलं.

"मावशी, जिवंत आहे का तो?"

तिनं हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, "पेट घेल म्हणून आमी त्याला बाहेर ओढला. आता मेला तं तुमी आमालाच धराल."

"नाही धरणार. मी सांगते ना."

तिनं आतलं दार ढकललं. घोंगडीवर तिशीतला एक माणूस होता, पोटाला तिचंच लुगडं गच्च बांधलेलं. खिशात काही नाही. नाव विचारलं तर ओठ नुसते हलले.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी त्याच्याजवळ बसले. चारोटी नाका आला तेव्हा त्यानं डोळे उघडले, माझं मनगट धरलं आणि मला आई समजून गुजरातीत म्हणाला, "बा, तू आवी?"

हॉस्पिटलला पोहोचायच्या आधीच तो गेला.

मालक पुढे कबूल झाला, एका दिवसापुरता बोलावलेला पायलट होता, परवान्याची मुदत संपलेला. म्हातारीला कुणी त्रास दिला नाही, तेवढं मी पाहिलं. वलसाडहून त्याची आई आली. शवागाराबाहेर तिनं मला विचारलं, तो काही बोलला का. म्हटलं, "तुम्हालाच हाक मारली." ती बाकावर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली.

मी तिला अर्धंच सांगितलं, आई. बाजारात तुझ्याकडून जी गुजराती कानावर पडली, त्या मोडक्यातोडक्या गुजरातीत मी त्याला म्हटलं होतं, "हा बेटा, आवी गई." तिच्या जागी मी ओ दिली, हे तिच्या तोंडावर सांगणं मला जमलं नाही.