‘असू दे’ म्हणून घेतलेली मेमरी

३ मार्च, सोमवार

म्हणे, मेमरी किती वीज खाते ते काढ! आल्या आल्या टक्केवारीने टेबलाशी येऊन फर्मान सोडलं. (आमचा मॅनेजर. ‘मी ऐंशी टक्के जेवलोय’ असं बोलणाऱ्या माणसाला दुसरं नाव शोभणार तरी कसं?) सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने विचारलंय, तुमच्या सॉफ्टवेअरला वीज किती लागते. आकडा फार निघाला तर एखादी सेवा आवरती घ्यायची.

कुठली, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. अक्षरसेवा! समोरचा फोनवर बोलतो आणि त्याचं बोलणं इकडे पडद्यावर उमटतं. वापरणारे थोडे, मशीनं ढीगभर.

त्या थोड्यांत आमची ताई आहे. तापात तिचे दोन्ही कान गेले त्याला पाच वर्षं झाली. पडद्यांच्या दुकानाच्या ऑर्डरी ती घरून फोनवर घेते. पडदे विकते तेही पडद्यावर वाचून, असं स्वतःच म्हणते. दुकानाच्या मालकीणबाईंना पत्ताच नाही की हिला ऐकू येत नाही! अक्षरं वेळेवर येतात म्हणून चाललंय. एकदा जरी अडखळली तर नोकरी गेली असं ताई धरून चालते. मीही.

४ मार्च

मीटर लावायचा कुठे? मशीन आमचं नाहीच. ‘क्लाउड’ म्हणतात, पण ढग कसला! कुणाच्या तरी गोदामात कपाटांसारखी रांगेने मशीनं, आणि एकेका मशीनमध्ये दहा जणांचं बिऱ्हाड. आम्ही भाडेकरू. मालक मीटर दाखवत नाही.

म्हणून अंदाज. किती जीबी मेमरी, किती तास, आणि एक जीबी चालू ठेवायला किती वीज. गुणाकार करायचा. तो शेवटचा आकडा लोकांनी मोजून छापलाय, अर्ध्या वॅटच्या आतबाहेर. प्रत्येकाचा वेगळा! म्हणजे अंदाजाचाही अंदाज. मी मधला धरलाय.

६ मार्च, गुरुवार

सुटले! अक्षरसेवा चाळीस मशीनांवर चालते. प्रत्येक मशीनवर वापरात अकरा जीबी. गुणाकार केला तर सगळं मिळून दोन-तीन पंख्यांइतकी वीज. फक्त! टक्केवारीने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “शंभर टक्के झकास.” उद्या गिऱ्हाइकाला पाठवणार.

घरी येताना उगाचच दोन थांबे आधी उतरून चालत आले.

९ मार्च, रविवार

ताईकडे. तिला सगळं सांगितलं — कागदावर लिहून, हातवारे करून, अर्धं ओठांवरून. ती म्हणाली, “म्हणजे माझी नोकरी तुझ्या गुणाकारावर! शाळेत तुझे पाढे मीच पाठ करून घेतले होते, आठव.” हसलो दोघी.

मग तिचा फोन वाजला. रविवारीसुद्धा! कुणालातरी खिडकीची मापं सांगायची होती. ताई पडद्यावर डोळे रोवून बसली, खांदे ताठ, आवाज मात्र गोड. “हो हो, कळलं, झालर नको, बरोबर?” एका ठिकाणी अक्षरं क्षणभर उशिरा आली. तिने खोकल्याची उबळ आल्याचं नाटक केलं, आणि तेवढ्यात अक्षरं आली.

फोन ठेवल्यावर तिने पदराने मानेवरचा घाम पुसला. मी चहा टाकायला उठले.

१० मार्च, सोमवार

कपाळ माझं!

गुरुजी चहाला भेटले. अक्षरसेवा लिहिली ती त्यांनीच. कुणी वेळ विचारली तरी घड्याळ कसं चालतं ते समजावतात म्हणून गुरुजी. त्यांनी सहज विचारलं, “मेमरी कुठली धरलीस गं?”

“वापरातली. मोकळी कशाला धरू?”

“अगं, मोकळी म्हणजे बंद नव्हे!”

आणि मग पाऊण तास समजावलं. मेमरी जन्माची विसरभोळी. तिच्यातल्या प्रत्येक कप्प्याला सेकंदात कितीतरी वेळा करंट देऊन जागं ठेवावं लागतं. कप्प्यात काही आहे की नाही, याच्याशी त्या करंटला देणंघेणं नाही. रिकाम्या खोलीतलाही दिवा जळतच असतो. मला हे ठाऊक होतं. कॉलेजात शिकले होते! पण ‘मोकळी’ हा शब्द वाचला आणि ती मेमरी डोक्यातून गळूनच गेली.

आमच्या प्रत्येक मशीनवर चौसष्ट जीबी राखून ठेवली आहे. वापरतो अकरा. वीज चौसष्टची. पुन्हा गुणाकार केला. दोन-तीन पंखे कुठले, चोवीस तास तापलेली इस्त्री निघाली.

११ मार्च

कुणाला कळणार आहे? गुरुजी तोंड उघडणार नाहीत, सेवा त्यांचीच आहे.

१२ मार्च

सांगून टाकलं.

मोठं तत्त्व वगैरे काही नाही. काल दिवसभर टक्केवारी दिसला की मी पाणी प्यायला उठत होते. असं किती दिवस पाणी पिणार? शिवाय तोच कागद बाकीच्या सेवांना लावायचाय, म्हणजे सगळीकडे हीच चूक. आत गेले, दार लोटलं, म्हटलं चुकलं माझं. वापरातली धरली, राखीव धरायला हवी होती.

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “मग सेवा झोपवू. कुणाचा फोन आला की उठवायची.” उठायला तिला चाळीस सेकंद लागतात, हे मी सांगितलं. “चाळीस सेकंदांनी काय बिघडतंय?”

काय बिघडतंय! चाळीस सेकंद कोण खोकतं? पण ताईचं नाव त्याच्यासमोर काढता येईना. बाहेर येऊन नुसती बसून राहिले. खरं बोलल्याचा आनंद वगैरे होतो म्हणतात. मला तर नुसता राग आला — गुरुजींचा, त्या मेमरीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा.

१३ मार्च, गुरुवार

चौसष्ट आले कुठून? आज एकेकाला गाठून विचारलं.

गुरुजी म्हणाले, अकरा पुरतात, पण मी सोळा लिहिले. का? “असू दे म्हटलं.” सोळाचा आकडा मग प्रोग्रॅम तपासणाऱ्या बाईंकडे गेला. त्यांनी बत्तीस केले. का? “ऐन वेळी कमी पडलं तर? असू दे.” बत्तीसचा आकडा मशीनं भाड्याने घेणाऱ्याकडे गेला. त्याने चौसष्ट केले. “असू दे की मॅडम, पडून राहील!”

पडून राहील म्हणे! तिघांनी एकमेकांना न विचारता तोच शब्द वापरला आणि प्रत्येकाला वाटलं, आपण एकट्यानेच शहाणपणा केला. मी जिन्यात उभी राहून एकटीच हसत सुटले. वरून येणारा शिपाई दोन पायऱ्या लांबून गेला.

म्हणजे झोपवायची गरजच नाही. वरचं सगळं काढा, सोळा ठेवा. वीज चौथ्या हिश्श्यावर, आणि सेवा जागी!

१४ मार्च

टक्केवारीला पटलं. गुरुजींना नाही. “सोळा फार घट्ट होतात गं. चोवीस ठेव. एकदम गर्दी झाली तर मेमरी संपेल, आणि ती संपली की मशीन विचारत बसत नाही, सरळ प्रोग्रॅमचा गळा दाबतं.” पण चोवीसला आकडा टक्केवारीच्या हद्दीबाहेर जात होता. सोळा नाहीतर झोप. मी सोळा म्हटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आम्ही सोडलेली मेमरी काही कुणी मशीनमधून उपटून नेत नाही. ती तिथेच, तशीच जागी. उद्या दुसरा भाडेकरू घेईल, तोही ‘असू दे’ म्हणूनच घेईल. मग वीज वाचली का? आमच्या नावावरची वाचली. सगळ्यांनीच सोडली तर एखादं मशीन खरंच बंद होईल, तेव्हा वाचेल. गिऱ्हाइकाला पाठवायच्या दुरुस्त कागदावर तशी तळटीप टाकली. टक्केवारी म्हणाला, एवढ्या बारीक अक्षरात कर की दिसू नये.

ताईला सोळाचं काही सांगितलं नाही. उगाच तिचा जीव टांगणीला.

१९ मार्च, बुधवार

सोळावर आलो. सगळं सुरळीत. इतकं सुरळीत की भीती वाटते.

२४ मार्च, सोमवार

सोळाने घात केला.

सकाळी वादळाचा इशारा आला आणि सगळे एकाच वेळी फोनला चिकटले. अक्षरसेवेवर नेहमीच्या पाचपट माणसं. एक मशीन पडलं. त्याची माणसं शेजारच्यावर गेली, तेही पडलं. मग पत्त्यांसारखी सगळी. गुरुजींनी एक शब्द बोलून दाखवला नाही. नुसते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि दोघांनी मिळून मशीनं उठवली. उठत होती, पडत होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तेच.

मालकीणबाई रोज सकाळी ताईला फोन करतात. त्याच वेळेला.

ताईला मेसेज केला. उत्तर नाही. पुन्हा केला. नाही. फोन करून उपयोग नाही. तिच्या दाराशी गेले तर आत दिवा होता, पण बेल वाजली की तिच्यासाठी लुकलुकणारा लाल बल्ब तिने काढून ठेवलेला खिडकीतून दिसला. दाराखालून चिठ्ठी सरकवली. दार उघडलं नाही. वादळही आलंच नाही! मी माझ्या एका आकड्यापायी बहिणीची नोकरी घालवली.

२५ मार्च

आत्ता ताईचा मेसेज आला. जसाच्या तसा उतरवते.

‘काल बाई बोलत असताना अक्षरं गेली. दोनदा खोकले, येईनात. मग सांगून टाकलं — मला ऐकू येत नाही, पाच वर्षं झाली. आणि फोन बंद करून पांघरुणात शिरले. आज सकाळी बाई दारात! खिडकीवर टकटक करत होत्या वेड्यासारख्या, मी पाहिलं तेव्हा हात लाल झालेला. पाटीवर लिहून आणलं होतं. “मी इतकी भरभर बोलते, तुम्ही आधी सांगायचं नाही का? किती दमला असाल!” त्या गेल्यावर मी खूप रडले गं. खरंच किती दमले होते मी.’