अनुमोदक: गजानन मिस्त्री

प्रिय ताई,

शाळेत माझ्या हातचं काय काय आहे, ते आधी लिहितो. बाभळीच्या लाकडाची बेचाळीस बाकं. त्यातली पहिली बारा लहान वर्गांची, उंची सोळा इंच, कारण मी मुलांचे गुडघे मोजले होते. खडूनं लिहायचे चार फळे. त्यांचा काळा रंगही घरी कालवला. बाजारचा रंग चकाकतो आणि शेवटच्या बाकावरून अक्षर दिसत नाही. वाचनालयाचं काचेचं कपाट. घसरगुंडी, जिच्या पत्र्याची कड मी आत वळवून घेतली. पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड. घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्याची कडी आणि साखळी. तुमच्या ऑफिसचं तीन खणांचं टेबल, ज्याचा मधला खण पावसाळ्यातही अडकत नाही.

ही यादी मला तोंडपाठ होती आणि तिच्यात चूक नव्हती. आता कळलं की ती अपुरी आहे. शाळेत माझ्या हातचे सतरा ठरावही आहेत.

तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले. सगळे रडले, मीही रडलो. पण आज लिहितोय ते त्यासाठी नाही. मला धक्का बसलाय, ताई. आणि असं काही झालं की मी सायकल काढून ज्यांच्याकडे जायचो, त्या तुम्हीच. आता कुठे जाऊ? म्हणून पत्र.

दवाखान्यात तुम्ही कपाटाची किल्ली माझ्या हातात दिलीत. "गजाननराव, ठरावाची वही तुमच्याकडे राहू द्या. दुसऱ्या कोणाकडे नको." एवढंच. का, ते सांगितलं नाहीत. मला वाटलं, कार्यकारिणीतला मी जुना माणूस म्हणून. तेरावा झाल्यावर लाल कापडात बांधलेली ती वही कारखान्यात आणली, टेबलावरचा भुसा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. तुम्हाला माहीत आहे, मी हळू वाचतो. पण एक ओळ सोडत नाही.

सुरुवातीची पानं वाचताना बरं वाटलं. ब्याण्णव साल. नालवाडीतल्या तुमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत शाळा, आणि तिथंच पहिली सभा. सात सदस्य. डॉक्टर, तहसीलमधून निवृत्त झालेले कारकूनसाहेब, किराणावाले काका, असे सगळे. त्यांत मी, चौथी शिकलेला. नकाशा वाचणं, वेल्डिंग, इंग्रजी मापं, जे येतं ते आपलं आपण शिकलेला. माझं नाव निघाल्यावर कारकूनसाहेबांचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "ज्यानं मुलांचे गुडघे मोजले, तो कमिटीत नको तर कोण हवा?"

त्याच सभेत मी विचारलं होतं, "अनुमोदक म्हंजे काय?" कारकूनसाहेब म्हणाले, "मिस्त्री, दुसऱ्यानं ठोकलेल्या खिळ्यावर आपला एक हातोडा." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या बाजारातून शब्दकोश विकत आणला. आणि त्यानंतर त्या खोलीत मी कधीच काही विचारलं नाही. ही माझी चूक. आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं तुम्हाला बोललो तर ते एकतर्फी होणार नाही.

मग बाबाराव शिपाई सायकलवर वही घेऊन घरोघर यायला लागले. ते का सुरू झालं, हेही मला आठवतं. सातांपैकी तिघं यायचे. कारकूनसाहेब शाळेच्या नावातल्या एका शब्दावरून तासभर वाद घालायचे. चहा व्हायचा, सभा मोडायची, आणि शिक्षण खात्याला ठरावाची प्रत उद्याच्या उद्या हवी असायची. तुम्ही थकलात. "तुम्ही सही तेवढी द्या, मजकूर मी लिहिते," म्हणालात. आम्हाला सुटल्यासारखं झालं.

बाबारावांनी पानाच्या तळाशी पेन्सिलीनं फुली केलेली असे. "इथं मारा, मिस्त्रीसाहेब, अन् मले जाऊ द्या. अजून डॉक्टर राह्यले." वरचं पान कोरं. मी सही करायचो. घाईत नाही, सावकाश, वळणदार. चौथी शिकलेल्या माणसाची सही डॉक्टरांच्या सहीपेक्षा चांगली दिसते, याचं सुख होतं मला.

गुण्या लावून काटकोन पाहिल्याशिवाय मी चौकटीला खिळा मारत नाही. आणि कोऱ्या पानाखाली दहा वर्षं सही करत आलो? मी?

त्या पानांवर तुम्ही सभा भरवल्यात. सातही हजर. चर्चासुद्धा. "श्री. गजानन यांनी मुलींच्या शौचालयाच्या दाराला आतून कडी नसल्याकडे लक्ष वेधले." हे मी बोललोच नव्हतो, ताई, पण सभा झाली असती तर हेच बोललो असतो. वाचताना हसू आलं. किराणावाले काका वहीत दर वेळी खर्च कमी करा म्हणतात. कारकूनसाहेब शब्द बदलायला सांगतात. इतकं ओळखत होतात आम्हाला? की इतकं ओळखत होतात म्हणूनच बोलवायची गरज उरली नाही?

मी माझी कामाची वही काढली. रोज कुठं होतो, काय केलं, कोणतं लाकूड लागलं, सगळं तिच्यात असतं. तुमच्या सभा आणि माझे दिवस शेजारी शेजारी लावले. एका सभेला मी मुलीच्या साखरपुड्यात होतो. एका सभेला तापानं पडून होतो. आणि नव्याण्णवच्या एप्रिलमधल्या सभेला हिंगणघाटला, एका जिनिंगच्या गोदामाचे दरवाजे बसवत होतो. आठ दिवस मुक्काम. वर्ध्यात पाऊलही ठेवलं नव्हतं.

त्या एप्रिलच्या पानावर माझा हात थांबला.

"प्रभाकर सर यांचे पत्र सभेपुढे वाचण्यात आले. सदर पत्र शिस्तभंग करणारे असल्याने त्यांना पुढील वर्षी नेमणूक देऊ नये. सूचक: डॉक्टर. अनुमोदक: श्री. गजानन. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली माझी सही. सावकाश, वळणदार.

प्रभाकर सरांनी माझ्या मुलीला गणित शिकवलं. तिच्या लग्नाची पत्रिका घेऊन मी स्वतः पवनारला गेलो होतो; त्यांनी ती दारातच घेतली आणि लग्नाला आले नाहीत. वर्ध्याच्या बसस्टँडवर मी दिसलो की ते पलीकडे जाऊन उभे राहायचे. सहा वर्षं. मला वाटायचं, नोकरी सोडून गेले आणि गर्व चढला. मग मीही मान फिरवायला लागलो. तुम्हाला एकदा म्हणालोही होतो, "सर ओळख देत नाहीत." तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "असतो एकेकाचा स्वभाव." आठवतं का हो?

त्यांचं पत्र त्याच पानाला टाचलेलं होतं. टाचणी गंजून कागदाला चिकटलेली. पत्रावर लिहिलं होतं, "मा. कार्यकारिणी सदस्य यांस." म्हणजे मला. सहा वर्षांपूर्वी मला आलेलं पत्र मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. शिवी नाही, मागणं नाही. "गेल्या तीन वर्षांत एकही सभा झाल्याचे आम्हा शिक्षकांच्या पाहण्यात नाही. ताईंच्या हेतूबद्दल शंका नाही. पण शाळा एका माणसाच्या तब्येतीवर चालू नये. कृपया सभा बोलवावी." आणि शेवटी, "निदान गजानन मिस्त्री यांना हे पत्र दाखवावे. आवडो न आवडो, ते खरे बोलतील."

ताई, हे वाचूनच तुम्ही अनुमोदक म्हणून माझं नाव घातलंत? सात सह्या होत्या त्या पानावर. माझंच का?

त्या दिवशी करवत हातात धरली नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी वही पिशवीत घातली आणि पवनारची बस धरली. सर अंगणात तीन मुलांची शिकवणी घेत होते. मला पाहून खडू खाली ठेवला.

"मिस्त्री, रस्ता चुकले काय?"

"सर, तुमचं पत्र वाचलं. काल."

"काल?"

"पहिल्यांदा."

मुलांना त्यांनी घरी पाठवलं. मी वही उघडून समोर ठेवली. त्यांनी पान पाहिलं. त्याची नक्कल त्यांच्याजवळ होतीच.

"मंग हे सही कोणाची?"

"माझी. कोऱ्या पानावर केलती. त्या दिवशी मी हिंगणघाटले होतो."

त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "बाकाची फळी एक सूत कमी झाली तर तुम्ही अख्खं बाक खोलत होते. पोट्टे पाहाले यायचे. अन् कोऱ्या कागदावर सही करून राह्यले होते?"

मी म्हटलं, "सर, नोकरी परत मिळावी म्हणून मी बोलतो."

"नोकरी नको मले. शिकवण्या चालते, वावर आहे. एवढंच करा. ते सभा झाली नव्हती, हे त्याच वहीत लिहा. वेगळ्या कागदावर नाई. त्याच वहीत."

मी हो म्हणालो नाही, ताई. खरं सांगतो. परत येताना बसमध्ये मला तुम्ही दिसत होतात. तपासणीच्या आदल्या दिवशी पदर खोचून शौचालय धुणाऱ्या. पहिल्या वर्षी अकरा मुलांसाठी अकरा घरांच्या पायऱ्या चढलेल्या. वहीत खरं लिहिलं तर पहिला डाग तुमच्या नावावर. उद्या खात्यानं वही मागितली तर मान्यतेवर बोट. दोनशे मुलं आहेत आता. आणि नाही लिहिलं तर? तर ते पान माझ्या नावावर तसंच राहणार, माझ्यामागे माझ्या नातवांनीही वाचावं असं.

मी सभा बोलावली. तुमच्या पद्धतीनं नाही. स्वतः घरोघर जाऊन. रविवारी सकाळी दहाला तिसरीच्या वर्गात पाचजण आले. मी ते पान मोठ्यानं वाचलं.

डॉक्टर ऐकायच्या आधीच चिडले होते; त्यांनी नीट ऐकलंच नाही. "मिस्त्री, गेलेल्या बाईच्या मागं काऊन लागून राह्यले?"

"बाईच्या नाई, डॉक्टर. माझ्या सहीच्या मागं लागलो. तुमचीही आहे. वरची. सूचक."

त्यांनी वही ओढून घेतली. चष्मा कपाळावर नेला, पुन्हा खाली आणला. "मी? मले तर वाटत होतं सर सोडून गेलते."

कारकूनसाहेब म्हणाले, "मान्यता गेली तर जबाबदार कोण?"

"सात जण," मी म्हटलं. "तेच तर विसरलो होतो आपण."

किराणावाले काकांनी वही घेऊन मागची पानं चाळली. मग हळूच म्हणाले, "मी दर सभेत खर्च कमी करा म्हणून राह्यलो काय हो?" डॉक्टर हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात.

मग मी लिहिलं. त्या वहीत माझ्या हातचं ते पहिलं अक्षर. "नव्याण्णवच्या एप्रिलमधील ही सभा झालेली नाही. पत्र सदस्यांनी वाचलेले नाही. प्रभाकर सरांवर अन्याय झाला आहे. सह्या आमच्याच आहेत आणि त्या न वाचता केल्या आहेत." शेवटचं वाक्य डॉक्टरांनी घालायला लावलं. चौघांनी सह्या केल्या. कारकूनसाहेबांनी केली नाही; पण निदान वाचून नकार दिला. वहीच्या शेवटी सही केलेली तीन पानं अजून कोरी होती. त्यांवर मी पट्टी धरून तिरक्या रेघा मारल्या, सगळ्यांसमोर.

नक्कल सरांना नेऊन दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि आत जाऊन पाणी आणलं. पुढच्या सभेला शिक्षकांच्या वतीनं बसा म्हटलं. येतो म्हणाले नाहीत. येत नाही, असंही म्हणाले नाहीत.

मान्यतेचं काय होईल ते मला माहीत नाही. तुमच्यावर राग आहे का? आहे. सकाळी शाळेवरून जाताना कमी होतो, वही उघडली की वाढतो. किल्ली माझ्याकडे दिलीत, ती मी वही वाचेन म्हणून, की मी हळू वाचतो म्हणून? हे तुम्हीच सांगू शकला असतात.

वचन देतो. दर तीन महिन्यांनी सभा होईल. चारजण आल्याशिवाय होणार नाही. वही शाळेबाहेर कोणाच्या घरी जाणार नाही, आणि कोणी एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर त्या खोलीत कोणी हसणार नाही. पहिला प्रश्न मीच विचारीन.

आणखी एक सांगायचं राहिलं. सभेच्या तीन दिवस आधी एक गृहस्थ कारखान्यात आले होते. त्यांच्या तीन शाळा आहेत, चौथी त्यांना आपली हवी आहे. त्या कोऱ्या पानांची बातमी त्यांना कुठून लागली, देव जाणे. सातही सह्यांवर कार्यकारिणी त्यांच्या माणसांच्या हाती दिल्याचा ठराव लिहिता आला असता. "मिस्त्री, तुमाले काहीच करायचं नाई. वही फक्त एक दिवस द्या," म्हणाले, आणि रोख साडेतीन लाख रुपये सांगितले. मी नाही म्हटलं.

तुमचा,
गजानन मिस्त्री